हाकेच्या अंतरावरचं विणकाम

मे महिन्यात लोकर हातात धरवत नाही, हे अकोल्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पारा ४५च्या आसपास गेल्यावर मांडीवर अर्धा स्वेटर घेऊन बसलेल्या बाईकडे लोक काळजीने बघतात. पण उन्हाळ्यात विणताना घाम ही काही मोठी अडचण नव्हे. घामाला उपाय आहेत. मोठी अडचण हाकेची. सुट्टी लागली की नणंद येते, भाचरं येतात, गच्चीवर कुरडयांचं वाळवण पडतं, माठ भरला न भरला तोच रिकामा होतो, आणि आपण घरात कुठे बसलोय हे प्रत्येकाला नेमकं ठाऊक असतं.

म्हणून उन्हाळ्यात काय विणायचं हे मी नमुन्याच्या देखणेपणावरून ठरवत नाही. दोनच गोष्टी बघते. ओळीच्या मध्येच हातातलं टाकून उठता येईल का? आणि परत आल्यावर, कागद न शोधता, नुसतं विणलेलं बघून पुढे जाता येईल का? विणकामाच्या पुस्तकांत मला हा विचार फारसा भेटत नाही. त्या पुस्तकांतल्या बाईला दुपारी कुणी उठवत नसावं.

पहिल्या कसोटीला क्रोशा सहज उतरतो. सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी उघडे असतात. साठ टाक्यांची सुई दिवाणावर उड्या मारणाऱ्या पोराच्या पायात अडकून निघाली, की साठच्या साठ मोकळे. क्रोशात मात्र कधीही बघा, उघडा टाका एकच. मागचे सगळे बंद होऊन बसलेले. आकडी निसटली तरी दोनचार खांब उसवतील, एवढंच. आणि तेवढेही उसवायला नको असतील, तर त्या एका टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची. बांगडीला लटकवलेल्या पिना साडीला लागतात त्याहून जास्त मला इथे लागतात.

दुसऱ्या कसोटीला मात्र सगळा क्रोशा उतरत नाही. आज्यांच्या हातचे ते मोर-हंसांचे जाळीचे टेबलक्लॉथ, दारावरचं ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं तोरण, हे सगळं चौकटीच्या कागदावरून घरं मोजून करायचं काम. इतकी घरं रिकामी, इतकी भरलेली, पुन्हा रिकामी. मोजता मोजता कुणी ‘मामी, बर्फ कुठेय?’ विचारलं की मोराची मान वाकडी. मे महिन्यात मी त्या वाटेला जात नाही. त्यापेक्षा तीन खांब आणि एक साखळी असा साधा चौकोन बरा. पुढच्या फेरीचे तीन खांब मागच्या फेरीच्या भोकात जातात, कोपऱ्यात तेच दोनदा. कुठे थांबलो होतो ते भोकंच सांगतात. फक्त एक धोका आहे. चौकोन करायला सगळ्यांना आवडतं, जोडायला कुणालाच नाही, आणि मग पिशवीभर सुटे चौकोन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसेच पडून राहतात. म्हणून मी दुसऱ्या चौकोनापासूनच जोडत जाते: शेवटच्या फेरीत साखळी घालायच्या जागी आकडी शेजारच्या चौकोनाच्या भोकातून काढून मुका खांब घ्यायचा. सुई-दोऱ्याने शिवायचं काहीच उरत नाही.

सुयांवर विणायचंच असेल तर ओट्यावरचं फडकं. चार टाक्यांनी सुरुवात. प्रत्येक सुईला दोन टाके सुलट, सुईवर एकदा दोरा, पुढचे सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कोपऱ्यापासून त्रिकोण उघडत जातो. निम्मा गुंडा संपला की उलटा प्रवास: एक सुलट, दोन टाके एकत्र, दोरा, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट, असं चार टाके उरेपर्यंत. निम्मा गुंडा कधी संपला हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो. टाके मोजायचे नाहीत. सगळंच सुलट असल्याने दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे परत आल्यावर आपण सरळ बाजूला होतो की मागच्या, हा प्रश्नच नाही. उठताना सुयांच्या टोकांना खोडरबर टोचायचं. कंपासपेटीत खोडरबर सापडलं नाही की आमच्याकडे थेट माझ्या पिशवीत शोध घेतात.

सासूबाईंना हे फडकं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काय बाई, एवढं इनलं अन् त्यानं ओटा पुसतं?” आता ते त्यांच्या खांद्यावर असतं.

दोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सुती दोरा लोकरीसारखा वागत नाही. लोकर ताणली की परत येते. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं. घट्ट विणणाऱ्या बाईची बोटं सुताने दुखतात, म्हणून हात सैल ठेवायचा आणि सुई जाड घ्यायची. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १४ नंबर जेमतेम २. फडक्याला ८ नंबर पुरे. अंगात घालायचं काही मोठं मात्र सुतात जाड विणू नये, ते स्वतःच्याच वजनाने खाली ओढलं जातं. दुकानात चमकदार गुंडे हात ओढून घेतात. ती चमक कॉस्टिक सोड्याची. इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४मध्ये ह्या प्रक्रियेचा शोध लावला, म्हणून तो मर्सराइज्ड दोरा. रुमालाला, जाळीला तो सुरेख, पण पाणी टिपायच्या फडक्याला बिनचमकेचा दोरा घ्यावा. आमचा सगळा मुलूख कापसाचा, आणि मी विणते तो गुंडा मात्र बाहेरून आलेला असतो, ही गंमत दरवेळी दुकानात आठवते.

रंग फिकटच. दुपारी जेवणं झाली की पडदे ओढून, कूलर लावून सगळे आडवे होतात. तो माझा हक्काचा वेळ, पण उजेड नसतो. त्या अंधारात काळा किंवा गडद निळा दोरा म्हणजे डोळ्यांना शिक्षा. पांढऱ्या दोऱ्याला आणखी एक जपणूक लागते: कोटिंग उडालेल्या ॲल्युमिनियमच्या सुया घामेजल्या हातात राखाडी डाग सोडतात. बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या बऱ्या. स्टीलची आकडी कूलरच्या दमट हवेत गंजते, म्हणून रात्री पुसून ठेवायची. ती सुळसुळीत व्हावी म्हणून केसांतून फिरवायची बायकांची सवय आहे. केसांना आदल्या दिवशी तेल लावलं असेल तर मात्र नको.

नणंदेला आकडी धरायला मी शिकवली, पण तिचा हात मुळातच तयार. सरगुंडे काडीवर सफाईने वळणाऱ्या बाईला दोरा किती ताणायचा हे सांगावं लागत नाही. ती दोन दुपारींतच माझ्यापेक्षा एकसारखे खांब घालू लागली, आणि मला त्याचं थोडं वाईटही वाटलं.

ह्या वर्षी आमरसाच्या पातेल्यावर घालायला गोल झाकणी हवी होती. गोलासाठी मी एलिझाबेथ झिमरमन ह्या विणकरणीची युक्ती वापरते. जन्माने इंग्लिश, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्या बाईने १९७४च्या पुस्तकात प्रत्येक महिन्यासाठी एकेक काम दिलं आहे, आणि जुलैसाठी, म्हणजे तिच्याकडच्या उन्हाळ्यासाठी, एक गोल शाल. त्यातली भूमिती अशी की त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून टाके दर फेरीला थोडेथोडे वाढवायचे नाहीत. ९ टाके, मग १८. तीन फेऱ्यांनी ३६. सहा फेऱ्यांनी ७२. बारा फेऱ्यांनी १४४. वाढवायच्या फेरीत एक टाका सुलट, एकदा दोरा, एवढंच. मधल्या फेऱ्या डोकं बाजूला ठेवून नुसत्या सुलट. शिवाय हे केबलच्या गोल सुईवर होतं. हाक आली की टाके केबलवर ढकलायचे, ते तिथून सहसा सुटत नाहीत. पातेल्याला १४४ टाक्यांच्या टप्प्यातच पुरेसा आकार आला.

कूलरच्या वाऱ्याने झाकणी उडू नये म्हणून कडेला क्रोशाने मणी लावायचे होते. हे मणी विणायच्या आधीच दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात. दोऱ्याच्या टोकाला नेलपॉलिश लावून ताठ केलं की पोरांनाही ते जमतं. तिघांना बसवलं, रंग ज्याचे त्याने निवडले, थोरलीने हट्टाने पहिला नंबर लावला, धाकट्याच्या वाट्याला शेवट आला. पण दोऱ्यात शेवटी गेलेला मणी आकडीशी सगळ्यात आधी येतो. कडेची फेरी सुरू झाली तर धाकट्याचे हिरवे मणी पुढे, आणि थोरली माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी, की मामी, ही लबाडी आहे, सगळं उसव आणि पुन्हा ओव.