खोडावरचा काळा रंग

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. उद्दिष्ट ७ कोटी लोकांच्या तपासणीचे. बातमी वाचताना धाकट्या भावाचे बालपण आठवले. हिमोग्लोबिनमधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवतात, हे मला पाठ होते. त्याची वेदना मात्र कळत नसे. विचारले की तो भिंतीकडे वळे.

एकदा त्याला रंगखडू दिले. त्याने मुळांसकट झाड काढले आणि खोड मधोमध काळेभोर रंगवले. चित्राने कळ थांबली नाही, औषध लागलेच. पण त्या रात्री त्याने विचारले, “दादा, हे आईमुळे झालं का?”

चित्रातील दोन मुळांवर बोट ठेवून मी सांगितले, सदोष जनुक दोघांकडूनही आले. त्यातले एक माझ्यातही आहे, हे त्याला तेव्हा प्रथमच कळले.