नोटरीच्या बॉन्डवर प्लॉट घेऊ नका

आपल्या नांदूरघाटचा माणूस ऊसतोडीचे चार पैसे मागं टाकतो अन् रस्त्याकडंला गुंठा घेतो. दोन शटर काढू, भाडं येईल, एवढंच सपान. पण बातमीसाठी लोक माझ्याकडं कागद आणतात, तर हातात नोटरीचा बॉन्ड!

साध्या शेतजमिनीचा जिरायतीत २० अन् बागायतीत १० गुंठ्यांखालचा तुकडा सहसा रजिस्टर होत नाही, म्हणून दलाल बॉन्ड पुढं करतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही. सातबारा जुन्याच मालकाच्या नावावर राहतो. उद्या त्याच्या पोरांनी हात वर केले तर?

इसार देण्याआधी ताजा सातबारा, फेरफार, एनए आदेश बघा. घामाचा पैसा आहे, कागद पक्का करा.