पोच

आमच्या गावच्या वाचनालयात संगणक आला, तेव्हा त्यावर माझी अर्धवट कादंबरी पुरी करावी, असा माझा बेत होता. पण कादंबरीकाराचे बेत कादंबरीतच पार पडतात! कार्यकारी मंडळाने ठराव केला, की दर रविवारी लोकांचे सरकारी अर्ज ‘आपले सरकार’वर विनामूल्य भरून द्यावेत, आणि माझे अक्षर चांगले, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. संगणकाला अक्षराशी काय कर्तव्य, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

पहिल्याच रविवारी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आली. बाई शेतमजूर. मुलीला वसतिगृहात घालायचे, तर उत्पन्नाचा दाखला हवा. मी अर्ज भरला, पोचपावती छापून दिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली.

२०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. अधिसूचित सेवांना त्याने मुदत घातली. अर्जाला क्रमांक, नकाराला लेखी कारण; शिवाय मुदत टळल्यास अपील, पहिली दोन त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे आणि तिसरे आयोगाकडे. सबळ कारणावाचून दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड! हे सारे मी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या ऐटीत सांगत असे.

दाखल्याची मुदत उलटली. पडद्यावर आपले ‘प्रलंबित’. बाई मजुरी बुडवून कचेरीत गेली, तर उत्तर मिळाले, “ऑनलाइन आहे, आमच्या हातात काही नाही.”

आता अपील करायचे. आणि इथे आमच्या मंडळाचा घसा बसला. चिटणीस म्हणाले, “वाचनालयाच्या अनुदानाचे कागद सरकारातच जातात, गुरुजी. उगाच डोळ्यांवर कशाला या?” मीही, खोटे कशाला बोलू, “पुढल्या रविवारी पाहू” म्हणून मोकळा झालो.

बाई दारातच उभी होती. तिने गाठ सोडली, पावती टेबलावर ठेवली.

“गुरुजी, मग ही दिली कशापायी?”

कुणी बोलेना. चिटणिसांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि खुर्ची संगणकापाशी ओढली. “क्रमांक वाचा,” ते मला म्हणाले.

अपील गेले आणि चौथ्या दिवशी दाखला आला. अपिलामुळे की आपसूक, देव जाणे! मुलीला वसतिगृहात जागा मिळाली.

रविवारी बाई पुन्हा हजर. सोबत शेजारीण.

“गुरुजी, माजी पावती द्या की.”

“दाखला मिळाला ना? आता पावती कशाला?”

“हिला दावायचीय,” ती म्हणाली.