सहा ताऱ्यांची गाडी



गेल्या शब्बाथला माझ्या नातीने मला विचारलं, "सावता, तू रस्त्यावर जुनी सुबारू दिसली की थांबतेस का?" मी म्हटलं, सांगते, पण गोष्ट लांब आहे. तिला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी आपापल्या नातवंडांना वाचून दाखवावं. आणि आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तर काही सांगायलाच नको. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, आपल्या लोकांच्या कुठल्याही गल्लीत १९८० च्या दशकात चार गाड्या उभ्या असल्या तर त्यांत एखादी सुबारू असायचीच.

आम्ही १९७० साली अलिबागकडून आलिया करून दिमोनाला आलो. तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये एकाकडेही गाडी नव्हती. रस्त्यावर दिसायच्या त्या युरोपातल्या जुन्या गाड्या, आणि हैफाजवळ बनणारी सुसिता. तिचं अंग लोखंडाचं नव्हतं, फायबरग्लासचं होतं. लोक गंमतीने म्हणायचे, वाळवंटात उभी करू नका, उंट खाऊन टाकतील!

जपानी गाडी म्हणाल तर १९६० च्या दशकात हिनो काँटेसा नावाची गाडी हैफाला जुळवली जायची, पण ते लवकरच बंद पडलं. त्यानंतर बराच काळ आपल्याकडे जपानी गाडी म्हणजे सुबारूच. टोयोटा नाही, निसान नाही, माझदा नाही. कारण काय? अरब देशांच्या संघटनेचा बहिष्कार. इस्राएलशी व्यापार करणाऱ्या कंपनीला ते आपल्या काळ्या यादीत टाकत. त्यासाठी दमास्कसला १९५१ पासून त्यांची कचेरीच होती. जपानला तेल अरबांकडून, आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्याही तिकडे भरपूर खपायच्या. इवल्याशा इस्राएलसाठी कोण एवढा धोका पत्करणार? १९७३ च्या युद्धानंतर तेलाची टंचाई झाली, तेव्हा तर सगळेच आणखी घाबरले.

सुबारू बनवणारी फुजी हेवी इंडस्ट्रीज ही त्या मानाने छोटी कंपनी. तिने १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथे गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि बहिष्काराच्या दिवसांतही पाठवत राहिली. आता मी काही भोळी नाही. त्यांनी धर्मादाय केला नाही, धंदाच केला. जिथे दुसरं कोणी येत नव्हतं तिथे त्यांना मोकळं मैदान मिळालं. पण माणूस अडचणीच्या वेळी आलेल्या पाहुण्याला विसरत नाही, तसंच हे. पुढे १९८० च्या दशकात दायहात्सू आली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटासकट बाकीचेही आले. माझी मुलगी आज टोयोटाच चालवते. चांगली गाडी आहे. माझा कोणावर राग नाही.

आता मुलांसाठी थोडा इतिहास. १९१७ साली चिकुहेई नाकाजिमा या माणसाने जपानात विमानांची कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाऊ विमानं बनत. जपान हरला आणि विमानं बनवायला बंदी आली. कारखान्यांचे तुकडे झाले. मग पोटासाठी काय करायचं? १९४६ साली त्यांनी रॅबिट नावाची स्कूटर काढली आणि पहिल्या स्कूटरांना बाँबफेकी विमानाच्या शेपटीची उरलेली चाकं लावली! म्हणजे तलवारी मोडून नांगर करावे तसंच की. १९५३ साली पाच कंपन्यांनी मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली. १९५८ साली त्यांची इवलीशी सुबारू ३६० निघाली. जपानी लोक तिला लाडाने 'चित्रांगी किडा' म्हणायचे, तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला असतो ना, तोच. १९७२ मध्ये चारही चाकांना ताकद देणारी त्यांची स्टेशन वॅगन आली. २०१७ साली कंपनीनेच आपलं नाव बदलून सुबारू कॉर्पोरेशन केलं.

१९६६ च्या सुबारू १००० पासून त्यांचं इंजिन वेगळ्या तऱ्हेचं. बाकीच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन वर-खाली होतात. ह्यांच्यात आडवे, समोरासमोर, दोन इकडे दोन तिकडे. फुगडी आठवा. दोघी मुली सारख्याच मागे झुकल्या तर तोल जात नाही, एकीचा ओढा दुसरीच्या ओढ्याला सावरतो. तसंच हे इंजिन. शिवाय आडवं असल्यामुळे वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी जमिनीला धरून चालते.

आमची गाडी १९८४ साली आली. सेकंडहँड, सुबारू १६००, पांढरी. त्या वर्षी महागाई ४०० टक्क्यांच्या वर होती. सकाळी पावाची किंमत एक आणि आठवड्याने भलतीच. सौदा शेकेलमध्ये बोलायचा, पण हिशेब डॉलरमध्ये. आमच्या ह्यांनी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे दिले, थोडे दिरांकडून उसने घेतले. गाडी आणली त्या संध्याकाळी सासूबाईंनी मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळं साग्रसंगीत. एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत असं आपले लोक मानतात. सासूबाई म्हणाल्या, "त्याचा रथ आपल्या गावाला येऊन गेला. त्याला गाडीतलं कळतं."

गाडीचं झाकण उघडलं आणि आम्ही सगळे चकित. जादा चाक डिकीत नाही, इंजिनाच्या वर ठेवलेलं! शेजारी म्हणाला, "हिचं पोट छातीत आहे." दाराच्या काचांना वर चौकट नव्हती, दार उघडलं की नुसती काच उभी. "बोटं सांभाळा रे!" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायची. डिकी मात्र मोठी. बेरशेबाच्या बाजारातून आठवड्याची भाजी, तांदळाची गोणी आणि वर दोन कलिंगडं सहज मावायची.

आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. आमचे हे दर शुक्रवारी दुपारी झाकण उघडून तेलाची काडी पुसून बघायचे आणि म्हणायचे, "तेल्याच्या घरात तेल कमी पडलं तर लोक हसतील." मग गाडी धुऊन चावी दाराजवळच्या खिळ्याला लावायचे. ती मोत्झाए शब्बाथपर्यंत तिथून हलायची नाही. सासूबाईंनी जन्मात कधी शब्बाथला वाहनात पाय ठेवला नव्हता. कोकणात बैलगाडीतसुद्धा नाही.

मी गाडी शिकले ती हट्टाने. हे म्हणायचे, "तुला सायकल येत नाही, गाडी काय चालवणार?" दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा, त्याच उन्हाळ्यात, पास झाले. पण चालवायला मिळायची ती फक्त गल्लीतल्या गल्लीत, आणि शेजारी हे बसलेले, हात हँडब्रेकवर.

किसलेव महिना होता, १९८४ चाच. थंडी कडाक्याची. हे मिलुईमला गेलेले. शुक्रवारची रात्र, दिवे लावून झालेले, जेवणं झालेली. माझा धाकटा सहा वर्षांचा. त्याला दम्याचा त्रास होता, पण त्या रात्रीसारखा कधी झाला नव्हता. नऊच्या सुमारास त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वाफ दिली, औषध दिलं, पाठ चोळली. अकरा वाजता त्याचे ओठ निळे पडायला लागले. आमच्या घरी फोन नव्हता. त्या काळी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. खालच्या मोरोक्कन बाईंकडेही नव्हता. शब्बाथ म्हणजे बस नाही.

मी पोराला उचलून दारात उभी. डोळे सारखे त्या खिळ्याकडे जात होते, पण सासूबाईंसमोर हात पुढे होईना. त्या उठल्या. शाल घेतली. स्वतःच्या हाताने चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाय, चाव्या घे. जीव आधी, शब्बाथ मागून. देवानेच सांगितलंय."

"आई, मला रात्री चालवता येत नाही."

"मला कुठे बसता येतं? चल."

मोठ्या मुलीला खालच्या बाईंकडे ठेवलं. सासूबाई पोराला मांडीवर घेऊन मागे बसल्या. जन्मात पहिल्यांदा, शब्बाथला, गाडीत. मी चावी फिरवली. थंडीत दोन आठवडे उभी होती बिचारी, पण पहिल्याच फिरकीला चालू झाली. त्या आवाजाने मला जो धीर आला तो कोणाच्या शब्दाने आला नसता.

दिमोना ते बेरशेबा पस्तीस किलोमीटर. रस्ता काळाकुट्ट. दोन्ही बाजूंना वाळवंट. हे नेहमी बजावायचे, "रात्री उंट आडवे येतात, जपून." माझे हात चाकाला चिकटल्यासारखे. मागून पोराची शिट्टी आणि सासूबाईंचा शेमा. एकदा शेमा थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग त्या म्हणाल्या, "घेतोय श्वास. तू पुढे बघ." तिसऱ्या गिअरच्या वर बहुतेक गेलेच नाही मी. वळणावर वेग जास्त झाला तेव्हा वाटलं आता घसरते, पण गाडी रस्त्याला धरून राहिली.

हॉस्पिटलमध्ये त्याला लगेच ऑक्सिजन लावला. पहाटे ओठांना रंग आला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं थांबला नाहीत.

सकाळी मी म्हटलं, "आई, तुम्हाला घरी सोडून येते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! "जीवाचं काम झालं. आता शब्बाथ आहे." आणि त्या दिवसभर बाकावर बसून राहिल्या. पाणी प्यायल्या, कोणी दिलेला पावाचा तुकडा खाल्ला. मीही बसले. जीव वाचवायला नियम मोडायचा आणि जीव वाचला की पुन्हा पाळायचा, हे मी त्या दिवशी कुठल्याही पुस्तकावाचून शिकले.

संध्याकाळी आम्ही दोघी बाहेर आलो, तीन तारे दिसले का बघायला. पूर्वेला ताऱ्यांचा एक छोटा पुंजका दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, "त्या बघ कृत्तिका. आमच्या अंगणातून अशाच दिसायच्या." मग म्हणाल्या, "आता ने घरी." जाताना मात्र चौथ्या गिअरमध्ये गेले!

हे मिलुईमहून आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "यापुढे ती चालवील तेव्हा हँडब्रेकला हात लावायचा नाही."

खूप वर्षांनी माझ्या मुलाने मला सांगितलं की सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिकांचंच नाव. एकत्र येणं असाही त्याचा अर्थ आहे. गाडीच्या पुढच्या खुणेवर सहा तारे असतात, एक मोठा नि पाच लहान. त्या पाच कंपन्या, आणि मोठा तारा म्हणजे सगळ्यांची मिळून झालेली एक. आपल्या पवित्र शास्त्रात इय्योब आणि आमोसच्या पुस्तकांत 'किमा' म्हणून तारे येतात, तेही हेच असं पुष्कळ विद्वान मानतात. कोकणात कृत्तिका, हिब्रूत किमा, जपानात सुबारू. तारे तेच. मी बारा वर्षं ती खूण पुसत होते आणि मला माहीत नव्हतं.

१९९६ साली आम्ही ती गाडी रशियाहून आलेल्या एका तरुणाला विकली. हे नाक्यापर्यंत तिच्यामागे चालत गेले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. २००३ साली हेही गेले. मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं गाडी चालवली. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली. मी वाद घातला नाही. घरी येऊन चावी खिळ्याला लावली आणि मुलाला फोन केला. आता बेरशेबाला जायचं झालं की तोच मला नेतो. त्याच रस्त्याने, मी मागे, तो पुढे. एवढा मोठा माणूस झालाय, पण त्याला खोकला आला की मी अजून कान टवकारते.

तर नाती, म्हणून मी थांबते. लोखंडासाठी नाही गं.

मुलांनो, हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला बघा. तो पुंजका सापडला की आपल्या आजी-आजोबांना विचारा, तुमची पहिली गाडी कुठली होती आणि ती तुम्हाला कुठे घेऊन गेली. त्यांना विचारायला अजून वेळ आहे.

एलियाहू हन्नाबी सगळ्यांच्या वाटेवर सोबत असो.