घरची आंबील

सोयाबीन आन् उसाच्या नादात बारा वर्षं ज्वारी पेरलीच नाही. मागच्या साली आई आजारी पडली, तोंडाला चव नव्हती. म्हणाली, "जरा आंबील कर." घरात ज्वारीचा दाणा नाही! शेतकरी असून दुकानातनं दोन किलो आणली. लाज वाटली.

रात्री पीठ ताकात भिजवलं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता शिजवलं. वर ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. आई वाटीभर प्याली.

2023 हे जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. मी मात्र घरचंच विसरलो होतो.

यंदा दहा गुंठे मालदांडी पेरलीय. दाणे घरात, कडबा जनावरांना. पाखरं राखायला आईच बांधावर बसते.

तुमच्याकडं अजून आंबील होते का?