कान देऊन

मानेसरच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये दिवसभर एकच घरघर चालते. गाडीचा एखादा ब्रॅकेट कंपन टेबलावर आवळायचा, टेबल सुरू करायचं आणि कान देऊन उभं राहायचं. आलेख पडद्यावर उमटतोच. पण स्क्रू ढिला पडला की मला ते आधी कानाला कळतं.

हा कान मी कॉलेजात कमावला, एका उपग्रहापायी. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. आम्ही त्याला ‘डबा’च म्हणायचो. त्यात कॅमेरा हवाच, हा माझा हट्ट. जागा नव्हती, तरी एक जादा बोर्ड कोंबला. पहिल्याच कंपन चाचणीत आतून बारीक खुळखुळ आली. उघडलं, तर त्याच बोर्डाचा तीन मिलिमीटरचा स्क्रू तळाशी लोळत होता. आवळला मीच होता. वर गोंदाचा थेंब लावायचा राहून गेला होता. आमचा डबा कधी उडाला नाही.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा उपग्रह ‘स्वयम्’ मात्र २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटवर एकूण २० उपग्रह होते, त्यांतला हा जेमतेम किलोभराचा. एका ठिकाणचा रेडिओ संदेश घ्यायचा, जपायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. त्यासाठी अँटेनाची दिशा सांभाळायला हवी. पण त्यात ना मोटर, ना फिरती चाकं. एक कायमचा चुंबक, होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळणारा. आणि ही सुई डोलतच राहू नये म्हणून हिस्टेरिसिसच्या कांड्या, ज्या डोलण्यातली ऊर्जा उष्णतेत जिरवतात. दिशा सांभाळण्याचा विजेचा खर्च शून्य.

ही रचना समजून घेताना मला माझा कॅमेरा आठवत राहिला. थेंब विसरणं ही चूक खरी, पण धाकटी. थोरली चूक तो स्क्रू लागेल असा बोर्ड आत घालण्याची. गाडीला गॅरेज असतं; पाचशे किलोमीटर वर पाना घेऊन कोण जाणार?

परवा एका पार्टची खुळखुळ थांबेना. नवा शिकाऊ मुलगा म्हणाला, “सरजी, एक पट्टी और लगा दें?” मी म्हटलं, आधी लावलेली काढून बघू. त्यानं जरा नाराजीनंच पट्टी उतरवली. टेबल सुरू केलं आणि आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो.