बहात्तर बाय बेचाळीस

लाकडी प्रोपेलरच्या हबवर, बोल्टांच्या भोकांशेजारी, ठोकून उमटवलेली काही अक्षरं आणि आकडे असतात. पायपर जे-३ कब या १९३०च्या दशकातल्या पिवळ्या, दोन आसनी विमानाला चालणाऱ्या सेन्सेनिच कंपनीच्या एका प्रोपेलरचा क्रमांक आहे डब्ल्यू७२सीके-४२. डब्ल्यू म्हणजे लाकूड. ७२ हा व्यास, इंचांत. आणि शेवटचे ४२ म्हणजे पिच, तोही इंचांत. घरी विमान बांधणारा माणूस पंख, सांगाडा, इंजिन यांत काही वर्षं घालवतो आणि शेवटी या दोन आकड्यांपाशी येऊन अडतो. कारण बाकी सगळं नकाशात दिलेलं असतं. प्रोपेलरच्या जागी मात्र नकाशात बहुधा एक सूचना असते, आज्ञा नसते.

व्यास कळायला सोपा आहे. पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात, हवा जराही न निसटता, जितका पुढे सरकला असता ते अंतर. हिशेब तोंडी करता येतो: पिचचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले १०५६, की ताशी मैल मिळतात. कबचं ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन मिनिटाला २,३०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं. ४२ गुणिले २,३०० भागिले १०५६, म्हणजे साधारण ९१ मैल. प्रत्यक्षात पूर्ण थ्रॉटलवरही कब एवढा धावत नाही, पाच-सहा मैल मागेच राहतो. ही तूट म्हणजे वाया गेलेली मेहनत नव्हे. पातं हेही एक पंखच आहे, आणि पंखाला उचल मिळण्यासाठी येणाऱ्या हवेशी थोडा कोन ठेवावाच लागतो. तूट शून्य झाली तर ओढही जवळजवळ शून्य होईल.

पात्याला पीळ असतो तोही याच हिशेबातून. टोक आणि मूळ दोघांनाही एका फेऱ्यात ४२ इंचच पुढे जायचं आहे, पण टोकाला त्यासाठी मोठं वर्तुळ कापावं लागतं. म्हणून मध्यापासून १२ इंचांवर पात्याचा कोन २९ अंशांचा, तर ३६ इंचांवर, म्हणजे टोकाला, साडेदहा अंशांचा येतो. सुताराला प्रत्येक ठिकाणचा साचा वेगळा कापावा लागतो तो यामुळे.

मग निवड कशाची करायची? पिच म्हणजे सायकलचा गियर. कमी पिचवर विमान झटकन धाव घेतं, चांगलं चढतं, पण सपाट उड्डाणात इंजिन मर्यादेपलीकडे फिरायला लागतं. जास्त पिचवर वेग मिळतो, मात्र उड्डाण घेताना इंजिन दमल्यासारखं होतं आणि धावपट्टी संपत येते. मोठ्या विमानांत वैमानिक पिच हवेत बदलू शकतो. घरगुती विमानातला लाकडी प्रोपेलर एकाच गियरवर आयुष्य काढतो. त्यामुळे खरेदीआधीचा प्रश्न ‘सर्वांत चांगला प्रोपेलर कोणता’ असा नसतोच. धावपट्टी किती लांब, विमान किती स्वच्छ आकाराचं, मालकाला डोंगराळ भागातल्या छोट्या पट्टीवरून उडायचं आहे की तीनशे मैलांवरच्या मित्राकडे जेवायला जायचं आहे, हे प्रश्न असतात. एकच इंजिन दोन विमानांना लावलं तर दोघांचे प्रोपेलर वेगळे निघतात. उघड्या कॉकपिटच्या, तारा-खांबांच्या द्विपंखी विमानाला जो पिच जड जातो, तोच निमुळत्या एकपंखी विमानाला हलका पडतो.

व्यासाला मर्यादा घालतो ध्वनीचा वेग. ७२ इंचांच्या प्रोपेलरचं टोक २,३०० फेऱ्यांवर सेकंदाला २२० मीटर वेगाने फिरतं. ध्वनीचा वेग ३४०च्या आसपास. लाकडी पात्याची टोकं धातूपेक्षा जाड असतात, म्हणून ती या मर्यादेला लवकर शिवतात: पाऊण पट वेगाच्या पुढे गेलं की कार्यक्षमता घसरते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढतात. इंजिन जितकं वेगाने फिरणारं, तितका प्रोपेलर आखूड.

याची सर्वांत बोलकी उदाहरणं मोटारींच्या इंजिनांवर उडणाऱ्या विमानांत सापडतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या गावी बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ साली आपल्या एअर कँपर विमानाला फोर्ड मॉडेल-ए गाडीचं इंजिन बसवलं. ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ या मासिकाच्या संपादकांचा मोटारीच्या इंजिनावर विश्वास नव्हता, म्हणून १९३० साली पिटेनपोल विमानं उडवतच मिनिआपोलिसला दाखवायला गेले. पुढे १९३२च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये एअर कँपरचे नकाशे छापले गेले. फोर्डचं इंजिन जड, संथ आणि ४० अश्वशक्तीचं. पण संथपणाच त्याच्या कामी आला: मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या आसपास ते ७६ इंचांचा लांबलचक प्रोपेलर फिरवू शकतं. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन पुष्कळ हलकं आहे, पण ताकदीसाठी त्याला ३,२०० फेरे लागतात, आणि तिथे प्रोपेलर ५४ इंचांच्या घरात येतो. ७६ इंचांचा प्रोपेलर त्याच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रातली हवा मागे ढकलतो. पुष्कळ हवा हळू ढकलणं हे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा नेहमीच किफायतशीर असतं. त्यामुळे कागदावर अधिक अश्वशक्तीचं बीटल इंजिन लावूनही संथ, जाड पंखांचं विमान फोर्डपेक्षा वाईट चढू शकतं. अश्वशक्ती विकत घेणारे पुष्कळ, ओढ मोजणारे थोडे.

राइट बंधूंना हे कळलं होतं. जहाजांच्या पंख्यांचं शास्त्र आयतं मिळेल आणि ते हवेला लावता येईल, असा त्यांचा समज होता. शोधल्यावर दिसलं की तसं शास्त्रच नाही, तिथे सगळा कारभार अनुभवाचा. मग त्यांनी प्रोपेलर हा मळसूत्री वाटेने जाणारा पंख मानला आणि आपल्या वायुबोगद्यातले पंखांचे आकडे त्याला लावले. १९०३च्या फ्लायरचे साडेआठ फुटी दोन प्रोपेलर त्यांनी स्प्रूसच्या फळ्या चिकटवून, कुऱ्हाड आणि दोन मुठींच्या पात्याने तासून काढले. १२ अश्वशक्तीच्या इंजिनाला साखळ्या लावून ते मिनिटाला अवघे ३५० फेरे फिरवले जात. अलीकडे अमेरिकेत त्यांच्या प्रतिकृती वायुबोगद्यात तपासल्या गेल्या, तेव्हा कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या वर भरली. माझ्या मते किटी हॉकच्या यशात पंखांइतकाच वाटा या दोन लाकडांचा आहे, फक्त त्यांचे फोटो कमी छापले जातात. १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओची कथाही अशीच: त्याच्या विमानावर आधी चार पात्यांचा ओबडधोबड धातूचा पंखा होता. तो काढून शोव्हिएरने घडवलेला दोन पात्यांचा अक्रोडी प्रोपेलर आणि २५ अश्वशक्तीचं अँझानी इंजिन बसवलं, आणि मग २५ जुलैची ती झेप झाली.

आज ॲल्युमिनियम आहे, कार्बनतंतू आहेत. तरी लाकूड का? हौसेपोटी, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं कारण कंपन आहे. पिस्टन इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्टला धक्का देतं. धातूचं पातं एखाद्या विशिष्ट वेगाला त्या धक्क्यांच्या सुरात सूर मिसळून थरथरू लागलं, तर धातू थकतो आणि टोक तुटून उडतं. उरलेल्या असमतोलाने इंजिन विमानापासून उपटलं जाऊ शकतं. प्रमाणित विमानांत इंजिन आणि धातूचा प्रोपेलर यांच्या जोडीची कंपनचाचणी झालेली असते. घरी जुळवलेल्या मोटारीच्या इंजिनाची ती कोणी केलेली नसते. लाकूड कंपनं पोटात घेतं आणि धातूसारखं थकत नाही. शिवाय ते धातूच्या साधारण निम्म्या वजनाचं असल्याने मुळात मोटारीसाठी बनलेल्या क्रँकशाफ्टवर कमी भार टाकतं. अशा घरच्या जुळवणीला एक भुर्दंड मात्र होता: अमेरिकी नियमांत प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर घरगुती विमानाला सुरुवातीचं चाचणी-उड्डाण साधारण २५ तास करावं लागे, नसेल तर ४०.

लाकडाची निवड रुक्ष आहे. सेन्सेनिच बंधूंनी १९३२ साली पेनसिल्व्हेनियात धंदा मांडला तेव्हापासून त्यांचं मुख्य लाकूड बर्च. मेपलही चालतं. पहिल्या महायुद्धात महोगनी आणि अक्रोड वापरले गेले. एकसंध ओंडका कोणी घेत नाही. पाऊण इंचाच्या आसपास जाडीच्या फळ्या, तंतू सरळ असलेल्या आणि एकसारख्या वाळलेल्या, एकमेकींवर चिकटवतात, म्हणजे एखादी वळायला निघाली तर बाकीच्या तिला आवरतात. पूर्वी सरस होता, १९४०च्या दशकात रिसॉर्सिनॉल आला.

आता जुळवणी, आणि लाकडाचा मोठेपणा दिसतो तो इथे. विमान दोरांनी बांधून, जमिनीवर उभ्या उभ्या पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि फेरे वाचायचे. उभं असताना पात्यावर हवेचा कोन सर्वांत मोठा असतो, म्हणून फेरे कमी दिसतात. वेग वाढतो तसा कोन कमी होतो आणि इंजिन मोकळं होतं. २,७०० फेऱ्यांची मर्यादा असलेल्या १५० अश्वशक्तीच्या लायकोमिंगला जमिनीवर २,२००च्या आसपास मिळाले तर जोडी साधारण बरी बसली म्हणायची. खरी परीक्षा सपाट उड्डाणात. पूर्ण थ्रॉटलवरही काटा २,५००लाच अडला, तर पिच जास्त झाला, आणि विकत घेतलेल्या १५० अश्वांपैकी दहाएक तबेल्यातच राहिले. काटा २,९०० दाखवू लागला तर पिच कमी, आणि थ्रॉटल मागे घेऊनच उडावं लागेल.

पिच कमी करायचा तर पात्याची मागची सपाट बाजू, मागच्या कडेशेजारी, काचकागदाने हळूहळू घासतात. कड किंचित पुढे सरकते आणि कोन उतरतो. पिच वाढवायचा तर तीच सपाट बाजू पुढच्या कडेशी घासायची. मागची बाजू सपाट ठेवण्याचा जुना रिवाज आहे त्याचं एक कारण हेच, की तिच्यावर कोनमापक नीट टेकतो. घासणं दोन्ही पात्यांवर, त्याच ठिकाणी, तेवढंच. दुसरा इलाज टोकं कापण्याचा. प्रोपेलर जी ताकद खाऊन टाकतो ती व्यासाच्या पाचव्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने बदलते. म्हणून ७२चा ७१ केला, तर तेवढ्याच ताकदीवर सूत्राप्रमाणे फेरे २.४ टक्क्यांनी, म्हणजे २,३०० वर पन्नासएकांनी वाढतात. एक इंच म्हणजे दोन्हीकडून अर्धा-अर्धा. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून जाणकार प्रोपेलर मागवतानाच जरा मोठा मागवतात. तरीही कडांचा वरचा मुलामा आणि पितळी किंवा स्टेनलेसची पट्टी यांना धक्का लागला, तर काम घरचं राहत नाही, कारखान्याकडे जातं.

घासून झालं की समतोल. हबमधून दांडा घालून तो दोन धारदार, समपातळीतल्या पट्ट्यांवर ठेवतात. आडवा ठेवला तर तो हलू नये, उभा ठेवला तरी नाही. हलक्या पात्याच्या टोकाला वार्निशचा आणखी एक हात मारतात. इतक्या बारीकसारीक गोष्टीचं महत्त्व काय, तर वर सांगितलेल्या २२० मीटर वेगाने फिरणाऱ्या टोकावर गुरुत्वाच्या सुमारे ५,४०० पट ओढ असते. एक ग्रॅम वार्निश तिथे साडेपाच किलोने बाहेर खेचतं. उभ्या स्थितीतला दोष टोकाला नव्हे, हबच्या कडेला असतो, आणि घाईत तोच तपासायचा राहतो.

मग ट्रॅक: एका पात्याचं टोक जिथून जातं तिथूनच दुसऱ्याचं जावं. विमानासमोर एक फळी रोवून, प्रोपेलर हाताने फिरवून खुणा करतात. लाकडाला दोन खुणांत एक अष्टमांश इंचाचा फरक चालतो. जास्त असेल तर हबमागे पातळ पत्र्याची पाचर.

लाकूड पाणी पितं आणि सोडतं. म्हणून विमान उभं करताना प्रोपेलर आडवा ठेवतात. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि समतोल बिघडतो. पट्टी बसवलेल्या टोकांना बारीक भोकं असतात, त्यातून आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं. पावसात उडायची वेळ आली तर फेरे कमी करायचे, कारण त्या वेगाला थेंब लाकडाची कड कुरतडतो. आपल्याकडे मुंबईत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या वाटेने कोणी कोकणपट्टीत लाकडी प्रोपेलर घेऊन निघालाच, तर त्याला मे आणि जुलै या दोन महिन्यांत हबची जाडी बदललेली आढळेल.

हीच गोष्ट बोल्टांना नडते. इंजिनाचा पीळ बोल्ट वाहून नेत नाहीत. हब आणि फ्लँज एकमेकांवर दाबून बसल्याने जे घर्षण होतं ते नेतं. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की दाब जातो, हब घसरू लागतो आणि उष्णतेने लाकूड काळं पडतं. प्रोपेलर काढल्यावर हबच्या मागे जळका वास आला तर तो तिथेच बाद करावा. त्यामुळे टॉर्क रेंच पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी, पुढे दर ५० तासांनी आणि ऋतू बदलला की पुन्हा, असा क्रम निर्मातेच देतात. जास्त आवळणंही वाईट, त्याने लाकडाचे तंतू चिरडतात. आणि पाना हातात घेण्याआधी दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं, बंद करून प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढून ठेवायचा. फ्लाइंग क्लबांतल्या टायगर मॉथ विमानाचं इंजिन लाकडी प्रोपेलरला हाताने हिसका देऊनच सुरू करत, आणि मॅग्नेटो बंद करणारी तार तुटलेली असली तर तो हिसका बोल्ट आवळतानाही पुरेसा होतो.